परचुरेशास्त्री

संस्कृतपंडित परचुरेशास्त्री महारोगाने ग्रासले असता १९३९ साली वर्ध्यानजीक सेवाग्रामास आले. आश्रमवासीयांची संमती घेऊन गांधीजींनी त्यांस आपल्या झोपडीजवळ ठेवून घेतले व स्वहस्ते नित्य त्यांचे अंग चोळले. या रोगात अंग बधिर होते, तेव्हा दुखणार काय, असे आम्हीही समजत असू. पण सुजलेल्या नसांचा ठणका महिनोमहिने झोप येऊ देत नाही. चोळण्याने जिवास आराम पडे, रोग हटत नसे. शास्त्रीबुवा १९४५ साली दत्तपूरच्या कुष्ठधामात वारले. हल्ली अनेक औषधे एकत्र देऊन सहा महिन्यांत वा वर्षात रोग बरा करतात. नसा सुजताच प्रेडनिसोलोन देतात, आणि मागे राहणाऱ्या ठणक्यास निराळी औषधे आहेत. ही शास्त्रीबुवांच्या वाट्यास आली नाहीत. तशा देहाने त्यांनी आश्रमातील विवाहाचे पौरोहित्य मात्र केले.