गोलरक्षक रिकार्डो झामोरा

विजय पुष्कळांच्या वाट्यास येतो. परंतु पराभवानंतर पुन्हा त्याच जागी निर्धाराने उभे राहणे थोड्यांनाच साधते. स्पेनचे विख्यात फुटबॉलपटू रिकार्डो झामोरा हे अशा थोड्यांपैकी एक होत.

त्यांचा जन्म १९०१ साली बार्सिलोना शहरी झाला. वयाच्या पंधराव्या वर्षीच ते एस्पान्योल संघाचे गोलरक्षक झाले. १९२० साली अँटवर्प येथील ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळविणाऱ्या स्पेनच्या संघात ते होते. देशासाठी ते एकंदर ४६ सामने खेळले.

१९२९ साली माद्रिद येथे स्पेनने इंग्लंडला ४-३ असे हरविले, तेव्हा झामोरांचा सर्वत्र जयजयकार झाला. दोनच वर्षांनी, डिसेंबर १९३१ मध्ये, लंडन येथे इंग्लंडने त्यांच्यावर सात गोल चढविले. गोलरक्षकाचे दुर्दैव असे, की त्याने अडविलेले चेंडू लोक विसरतात आणि सुटलेले तेवढे मोजतात. परंतु झामोरा खचले नाहीत. त्याच मोसमात त्यांच्या माद्रिद संघाने एकही सामना न गमावता लीगचे अजिंक्यपद मिळविले. त्या १८ सामन्यांत संघावर अवघे १५ गोल झाले.

१९३६ च्या जून महिन्यात चषकाच्या अंतिम सामन्यात अखेरच्या क्षणी त्यांनी अडविलेला चेंडू स्पेनमध्ये चिरस्मरणीय ठरला. पुढच्याच महिन्यात यादवी युद्ध पेटले. झामोरांना कारावास घडला. त्यांच्या मृत्यूची वार्ताही पसरली. सुदैवाने ती खोटी ठरली. सुटकेनंतर ते फ्रान्समध्ये गेले व नीस संघात खेळले.

युद्ध संपल्यावर त्यांनी माद्रिदच्याच अ‍ॅटलेटिको अ‍ॅव्हिएशन संघाच्या प्रशिक्षकपदाची धुरा स्वीकारली. युद्धात या संघाने आपले कित्येक खेळाडू गमावले होते. अशा विस्कळित संघास त्यांनी १९४० व १९४१ अशी लागोपाठ दोन वर्षे लीगचे विजेतेपद मिळवून दिले. स्वतःच्या हातांनी जे साधले, ते त्यांनी दुसऱ्यांकडून करवून घेतले. आणि हे काम अधिक कठीण असते, हे कोणताही शिक्षक जाणतो.

१९७८ साली बार्सिलोना येथेच त्यांचे निधन झाले. स्पेनच्या लीगमध्ये सामन्यागणिक सर्वांत कमी गोल होऊ देणाऱ्या गोलरक्षकास १९५८ साली सुरू झालेला पुरस्कार त्यांच्याच नावाने दिला जातो.

आपल्या ज्ञातीतील एखादा मुलगा परीक्षेत अनुत्तीर्ण झाला, की घरची मंडळी त्याचे भविष्यच संपले असे मानतात. त्या मुलास आणि त्याच्या वडीलधाऱ्यांसही झामोरांचे ते सात गोल अवश्य सांगावेत. आणि त्या पाठोपाठ आलेले अजिंक्यपदही सांगावे.