तीस वर्षांनी हाती आलेली पदवी

परीक्षा उत्तीर्ण होणे आणि पदवी मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विद्यापीठाच्या खिडकीपुढे रांगेत उभे राहिल्याखेरीज सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. गुणपत्रिका हाती पडली तरी पदवीसाठी निराळा अर्ज करावा लागतो, शुल्क भरावे लागते आणि पदवीदान समारंभाची वाट पाहावी लागते. ही वाट बहुधा काही महिन्यांची असते. नाशिक येथे जन्मलेल्या आणि पुण्यात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांना मात्र ती तब्बल तीस वर्षे पाहावी लागली. ऑक्सफर्ड विद्यापीठाची कायद्याची परीक्षा त्यांनी १८९२ मध्ये दिली. पदवी मिळाली ती १९२२ मध्ये. पंचविसाव्या वर्षी कमावलेले बिरुद नावापुढे लावण्याचा अधिकार पंचावन्नाव्या वर्षी प्राप्त झाला.

कॉर्नेलिया यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६चा. वडील रेव्हरंड सोराबजी खरसेदजी हे पारशी कुटुंबात जन्मलेले आणि पुढे ख्रिस्ती धर्म स्वीकारलेले. आई फ्रान्सिना यांना एका ब्रिटिश दांपत्याने दत्तक घेऊन वाढवले होते. त्या दत्तक आजीचेच कॉर्नेलिया हे नाव नातीला मिळाले. बालपणाचा काही काळ बेळगावात आणि पुढचा पुण्यात गेला. फ्रान्सिनाबाईंनी पुण्यात शाळा चालवल्या आणि त्यांत निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र बसत. मुलींना शिकवायचे की नाही हा प्रश्न त्या घरात कधी उपस्थितच झाला नाही. कॉर्नेलिया यांच्या भगिनी सुसी यांनी पुढे पुण्यात सेंट हेलेनाज ही शाळा स्थापन केली, तर दुसऱ्या भगिनी अ‍ॅलिस डॉक्टर झाल्या.

घरात प्रश्न नव्हता, पण बाहेर होता. कॉर्नेलिया यांच्या मोठ्या बहिणींना मुंबई विद्यापीठाने प्रवेश नाकारला होता. कॉर्नेलिया यांच्या वेळेपर्यंत ते दार किंचित उघडले आणि डेक्कन कॉलेजात पाऊल टाकणाऱ्या त्या पहिल्या विद्यार्थिनी ठरल्या. शेकडो मुलांच्या कॉलेजात एकटी मुलगी म्हणजे काय, याची कल्पना आज करता येणे कठीण आहे. ज्या पुण्यात मुलींच्या हायस्कुलावरून वृत्तपत्रांत वादाचे रण माजले होते, त्याच पुण्यात आणि त्याच दशकात हे घडत होते. १८८०च्या दशकाच्या अखेरीस कॉर्नेलिया पहिल्या वर्गात बी. ए. झाल्या. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर हा मान त्यांचा.

येथेच त्यांच्या आयुष्यातील पहिला मोठा नकार आला. अंतिम परीक्षेत त्यांचे गुण सर्वाधिक होते आणि अशा विद्यार्थ्याला विलायतेत पुढील शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे. ती आपल्याला केवळ स्त्री असल्यामुळे नाकारली गेली, असे कॉर्नेलिया यांनी नमूद करून ठेवले आहे. त्या काही काळ अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकवू लागल्या. समोर बसलेले विद्यार्थी सारे पुरुष होते. पुरुषांना शिकवण्यास त्या पात्र होत्या, मात्र पुरुषांसाठी राखलेल्या शिष्यवृत्तीस अपात्र.

शिष्यवृत्तीची ही हकीकत इंग्लंडमध्ये पोहोचली आणि तेथील काही सहृदय मंडळींनी पैसे उभे केले. लेडी मेरी हॉबहाऊस यांचा त्यात पुढाकार होता. अ‍ॅडलेड मॅनिंग, सर विल्यम वेडरबर्न आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही हातभार लावला. १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाल्या. मुलींसाठीची ही संस्था १८७९ मध्ये स्थापन झालेली, म्हणजे अवघी दहा वर्षांची होती.

ऑक्सफर्डची तेव्हाची रीत मोठी चमत्कारिक होती. मुलींनी व्याख्यानांस बसावे, परीक्षा द्याव्यात, वर्गही मिळवावा. परंतु विद्यापीठाच्या सदस्यांच्या नोंदवहीत त्यांचे नाव चढणार नाही आणि पदवी तर मिळणारच नाही. विद्यापीठाच्या लेखी त्या केवळ पाहुण्या होत्या. एक मासलेवाईक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथे अशा रीतीने परीक्षा उत्तीर्ण झालेल्या शेकडो स्त्रियांनी १९०४ ते १९०७ या काळात आगबोटीने डब्लिन गाठले, कारण तेथील ट्रिनिटी कॉलेजने आपल्या पदव्या त्यांना देऊ केल्या होत्या. एका विद्यापीठात शिकायचे आणि समुद्र ओलांडून दुसऱ्याची पदवी आणायची. या स्त्रियांना आगबोटवाल्या बाया असे थट्टेचे नावही पडले. आपल्याकडील रखमाबाईंनीही वैद्यकाचे शिक्षण लंडनमध्ये घेतले आणि एम. डी. पदवी १८९४ मध्ये ब्रसेल्सहून मिळवली. आनंदीबाई जोशी यांना १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथे वैद्यकाची पदवी मिळाली, ती खास स्त्रियांसाठी काढलेल्या कॉलेजात. आनंदीबाईंच्या वाट्याला दुःखे पुष्कळ आली, पण पदवी तरी वेळेवर हाती पडली.

कॉर्नेलिया यांनी कायदा हा विषय निवडला. बॅलिअल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जोवेट यांचा त्यांच्यावर लोभ होता. ऑल सोल्स कॉलेजचे प्रमुख सर विल्यम अ‍ॅन्सन यांनी तेथील कॉड्रिंग्टन ग्रंथालय त्यांना वाचनासाठी खुले करून दिले. त्या ग्रंथालयात वाचक म्हणून प्रवेश मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. रोमन कायद्याचे जाडजूड ग्रंथ, इंग्लिश विधिशास्त्र, आंतरराष्ट्रीय कायदा असा अभ्यासाचा पसारा होता. बॅचलर ऑफ सिव्हिल लॉ ही परीक्षा पुरुष विद्यार्थ्यांनाही कठीण जात असे. स्त्रीने तिला बसावे असे तोवर कोणी मनातही आणले नव्हते, त्यामुळे तशी तरतूदच नव्हती. कॉर्नेलिया यांच्या हितचिंतकांनी अर्ज-विनंत्या केल्या आणि अखेर विद्यापीठाच्या सभेने खास ठराव करून त्यांना परीक्षेस बसण्याची परवानगी दिली. ही परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

त्यांना तिसरा वर्ग मिळाला. चरित्रपर लेखांत हा तपशील पुष्कळदा गाळला जातो. तो गाळण्याचे कारण मला दिसत नाही. पुण्यात पहिला वर्ग मिळवणाऱ्या विद्यार्थिनीला तो सलला असणारच. पण तिसऱ्या वर्गात उत्तीर्ण झालेला पुरुष विद्यार्थी झगा घालून समारंभाला जाऊ शकत होता, पदवी घेऊ शकत होता आणि बॅरिस्टर होण्याच्या वाटेला लागू शकत होता. कॉर्नेलिया यांच्यासाठी यांतले काहीच नव्हते. लंडनमधील एका सॉलिसिटरच्या पेढीत काही महिने उमेदवारी करून त्या १८९३ मध्ये हिंदुस्थानात परतल्या.

पदवी हा केवळ भिंतीवर टांगण्याचा कागद असता तर गोष्ट येथेच संपली असती. वकिलीत मात्र तो कागद म्हणजे दाराची किल्ली असते. कॉर्नेलिया यांना वकिली करायची होती ती एका विशिष्ट हेतूने. पडदानशीन स्त्रिया, विशेषतः संस्थानिकांच्या आणि जमीनदारांच्या घरच्या विधवा, यांच्या नावे मोठमोठ्या मालमत्ता असत. परंतु परपुरुषाशी बोलण्याची मुभा नसल्याने त्यांना वकिलाचा सल्ला घेता येत नसे. दिवाण, कारभारी आणि नातलग सांगतील तेच खरे मानावे लागे. अशा घरात थेट आत जाऊन कागदपत्रे वाचून दाखवू शकेल असा वकील स्त्रीच असू शकत होती. काठेवाड आणि इंदूर भागांतील संस्थानी प्रकरणांत एजंटांपुढे अशा स्त्रियांची बाजू लेखी मांडण्याची परवानगी त्यांना मिळाली, पण न्यायालयात उभे राहून बचाव करण्याचा अधिकार मिळाला नाही.

मग पुन्हा परीक्षा. ऑक्सफर्डचा कागद नाही म्हणून त्यांनी मुंबई विद्यापीठाची एलएल. बी. १८९७ मध्ये पूर्ण केली. तरीही सनद नाही. म्हणून १८९९ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा दिली. तीही उत्तीर्ण झाल्या, तरीही दार बंदच राहिले. तीन ठिकाणच्या तीन परीक्षा आणि तिन्हींचा व्यावहारिक उपयोग शून्य! एखाद्याने एव्हाना नाद सोडला असता. कॉर्नेलिया यांनी सरकारदरबारी लकडा लावला, की पडदानशीन स्त्रियांसाठी कायदेविषयक सल्लागार म्हणून एखादी स्त्री नेमावी. १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सने त्यांची नेमणूक केली. पुढे बंगाल, बिहार, ओरिसा आणि आसाम असा त्यांच्या कामाचा मुलूख विस्तारला. पालखी, होडी, हत्ती, आगगाडी, जे वाहन मिळेल त्याने त्या दूरदूरच्या वाड्यांत पोहोचत. सुमारे वीस वर्षांत सहाशेहून अधिक स्त्रियांना आणि अनाथ मुलांना त्यांनी साहाय्य केले. १९०९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. पदक दिले, सनद नाही.

बदल झाला तो महायुद्धानंतर. इंग्लंडमध्ये १९१९च्या कायद्याने स्त्रियांना वकिलीसह अनेक व्यवसाय खुले झाले. ऑक्सफर्डने १९२० मध्ये नियम बदलले आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात स्त्रियांना प्रथमच पदव्या दिल्या. ज्यांनी पूर्वी परीक्षा दिल्या होत्या, त्यांनाही आता आपली पदवी मागता येऊ लागली. त्या वेळी केस पिकलेल्या कितीतरी शिक्षिका आणि मुख्याध्यापिका तरुणपणीची पदवी घेण्यासाठी ऑक्सफर्डला आल्या. केंब्रिजने मात्र आपला हट्ट थेट १९४८ पर्यंत सोडला नाही. इकडे अलाहाबाद हायकोर्टाने १९२१ मध्ये कॉर्नेलिया यांचे नाव वकिलांच्या यादीत नोंदवले. १९२२ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्यांनी बी. सी. एल. पदवी रीतसर घेतली. लंडनच्या लिंकन्स इनने त्यांना बॅरिस्टर म्हणूनही स्वीकारले. हिंदुस्थानात १९२३च्या कायद्याने स्त्रियांच्या वकिलीवरील बंदी उठली. मिठन टाटा, म्हणजे पुढे मिठन लाम म्हणून प्रसिद्धी पावलेल्या बाई, याच सुमारास बॅरिस्टर होऊन मुंबई हायकोर्टात आल्या. त्या कॉर्नेलिया यांच्याहून तीस वर्षांहून अधिक लहान होत्या.

हा फरक निर्णायक ठरला. १९२४ मध्ये कॉर्नेलिया कलकत्त्यात वकिली करू लागल्या तेव्हा त्यांची उमेदीची वर्षे सरली होती. पुरुष सहकारी आणि न्यायाधीश यांच्या पूर्वग्रहांमुळे न्यायालयात युक्तिवाद करण्यापेक्षा खटल्यांवर लेखी मते देण्याचेच काम त्यांच्या वाट्याला अधिक आले. पाच वर्षांतच, १९२९ मध्ये, त्यांनी व्यवसाय आवरता घेतला आणि त्या लंडनमध्ये स्थायिक झाल्या. तीस वर्षांपूर्वी मिळाला असता तर या कागदाने काय साधले असते, याचा हिशेब कोणी मांडायचा?

महाराष्ट्रात त्यांचे नाव रमाबाई, आनंदीबाई, रखमाबाई यांच्या पंक्तीत फारसे घेतले जात नाही. याचे एक कारण त्यांच्या राजकीय मतांत आहे. त्या ब्रिटिश राजवटीच्या समर्थक होत्या, गांधीजींच्या चळवळीला त्यांनी उघड विरोध केला आणि कॅथरीन मेयो यांच्या १९२७ मधील वादग्रस्त पुस्तकाची त्यांनी पाठराखण केली. त्यामुळे हिंदुस्थानातील अनेक सहकारी त्यांच्यापासून दुरावले आणि त्यांच्या समाजकार्याचा आधारही गेला. त्यांची ही मते पटण्यासारखी नाहीत. पण ज्या सरकारने त्यांना शिष्यवृत्ती नाकारली आणि सनदेसाठी तिष्ठत ठेवले, त्याच सरकारवर त्यांची इतकी निष्ठा कशी राहिली, हे कोडे त्यांचे १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र वाचूनही पुरते उलगडत नाही. कदाचित आईवडिलांच्या घरातील संस्कार, कदाचित संकटात मदतीला धावलेले इंग्लिश स्नेही, यांचे ऋण त्यांना सरकारच्या अन्यायाहून मोठे वाटले असावे.

अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी अधू झाली. ६ जुलै १९५४ रोजी लंडनमध्ये, वयाच्या ८७व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांचे पुतणे, तत्त्वज्ञानाचे अभ्यासक रिचर्ड सोराबजी, यांनी २०१० मध्ये त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले आणि २०१२ मध्ये लिंकन्स इनमध्ये त्यांचा अर्धपुतळा बसवण्यात आला.