भिंत रात्री का तापते? उष्णतेचा हिशेब मांडणारे जोसेफ फूरिये

शिंप्याचा पोरका मुलगा, गिलोटिनच्या दारातून परतलेला शिक्षक, नेपोलियनचा जिल्हाधिकारी. रणगाड्याच्या नळीपासून धरणाच्या भिंतीपर्यंत आजही ज्यांचे समीकरण वापरले जाते, त्या गणितज्ञाविषयी…

मे महिन्यात पारनेर किंवा पाथर्डीकडच्या एखाद्या गावात दुपारी दोन वाजता पत्र्याच्या खोलीत बसवत नाही. शेजारी माळवदाचे जुने घर असेल तर तिथे मात्र बरे वाटते. गंमत पुढेच आहे. रात्री पत्र्याची खोली भराभर निवते आणि मातीच्या जाड भिंतीला आतून हात लावला तर ती कोमट लागते. दुपारचे ऊन तिथे पोहोचेपर्यंत रात्र झालेली असते. १ फूट जाडीच्या मातीच्या भिंतीत हा उशीर साधारण ९ ते १० तासांचा असतो. मातीचा प्रकार आणि ओल यांनुसार तो थोडा कमी-जास्त होतो. हे तास कागदावर मोजता येतात, कारण दोनशे वर्षांपूर्वी एका फ्रेंच माणसाने त्याची रीत घालून दिली. अभियांत्रिकीचे विद्यार्थी ज्यांना फोरियर म्हणतात, तेच हे जोसेफ फूरिये.

कोण होते फूरिये?

जन्म २१ मार्च १७६८, फ्रान्समधल्या ओसेर गावी. वडील शिंपी, घरात भावंडांचा गोतावळा. दहाव्या वर्षाच्या आसपास आई-वडील दोघेही गेले. गावातल्या बेनेडिक्टाइन साधूंच्या लष्करी शाळेत मुलाची सोय झाली आणि तिथे गणिताची गोडी लागली. त्यांना तोफखान्यात अधिकारी व्हायचे होते. पण ती जागा उमरावांच्या मुलांसाठी राखलेली होती. शिंप्याच्या मुलाचा अर्ज फेटाळला गेला. मग धर्मगुरू होण्यासाठी मठात प्रवेश घेतला, तोही १७८९ मध्ये सोडला. त्याच वर्षी राज्यक्रांती झाली.

फूरिये गावातल्या शाळेत शिकवू लागले आणि क्रांतिकारी समितीत ओढले गेले. ऑर्लियाँ शहरातल्या गटबाजीत त्यांनी एका बाजूची पाठराखण केली आणि जुलै १७९४ मध्ये त्यांना अटक झाली. त्या दिवसांत अशा अटकेनंतर बहुतेकदा गिलोटिनच असे. २८ जुलैला खुद्द रोबेस्पिएरचेच मुंडके उडाले, वारे फिरले आणि फूरिये सुटले. काही दिवस इकडे-तिकडे झाले असते, तर या लेखाला विषयच उरला नसता.

पुढच्या वर्षी पॅरिसच्या नव्या शिक्षक विद्यालयात लाग्रांज, लाप्लास आणि माँज हे त्यांचे शिक्षक होते. १७९७ मध्ये लाग्रांज यांच्याच जागी ते एकोल पॉलिटेक्निकमध्ये प्राध्यापक झाले. ही नावे ध्यानात ठेवा, पुढे लागतील.

नेपोलियनचे कलेक्टर

१७९८ मध्ये नेपोलियन इजिप्तच्या मोहिमेवर निघाला, तेव्हा त्याच्याबरोबर विद्वानांचा तांडाही होता. त्यात फूरिये होते; कैरोत स्थापन झालेल्या संस्थेचे ते सचिव झाले. १८०१ मध्ये परत आले ते पॅरिसला शिकवायचे ठरवूनच, पण नेपोलियनने १८०२ मध्ये त्यांना ग्रेनोबलला इझेर जिल्ह्याचे प्रीफेक्ट केले. आपल्याकडचा जिल्हाधिकारी म्हणा. बुर्ग्वाँची दलदल त्यांनी डझनावारी गावांना राजी करून आटवली, ग्रेनोबलहून इटलीतल्या तुरीनकडे जाणाऱ्या रस्त्याचे काम सुरू केले. आणि हे सगळे सांभाळत १८०४ ते १८०७ या काळात उष्णतेवरचे मुख्य काम केले. आजच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकांचे वेळापत्रक पाहिले तर हे खरे वाटत नाही.

त्यांनी नेमके काय मांडले?

उष्णता म्हणजे काय, यावर तेव्हा मोठा वाद होता. ती एक अदृश्य, वजनरहित द्रव आहे असे अनेक मानत. कणांची हालचाल म्हणजे उष्णता असे काही म्हणत. फूरिये यांनी हा वाद बाजूला ठेवला. उष्णता काहीही असो, ती वाहते कशी एवढेच त्यांनी विचारले.

उत्तर दुकानदाराच्या जमाखर्चासारखे आहे. भिंतीचे पातळ काप पाडल्याची कल्पना करा. प्रत्येक कापात गरम शेजाऱ्याकडून उष्णता येते आणि थंड शेजाऱ्याकडे जाते. किती येणार-जाणार हे तापमानातल्या फरकावर, जाडीवर आणि पदार्थाच्या गुणावर ठरते. जमा जास्त आणि खर्च कमी असेल, तर शिल्लक त्या कापाचे तापमान वाढवते. बस्स. हा हिशेब प्रत्येक कापासाठी, प्रत्येक क्षणाला मांडला की भिंतीच्या आत कधी काय होणार ते कळते. पदार्थापदार्थात फरक मात्र प्रचंड. तांबे विटेच्या कित्येक शेपट उष्णता वाहून नेते, तर थर्मोकोल विटेच्याही कितीतरी कमी. स्टीलच्या पातेल्याला तांब्याचा तळ लावतात तो याचसाठी.

आता खरी कमाल. सुरुवातीचे तापमान कसेही वेडेवाकडे असले, तरी ते लहान-मोठ्या लाटांची बेरीज म्हणून लिहिता येते, असा दावा त्यांनी केला. प्रत्येक लाट आपापल्या वेगाने विरते. बारीक लाटा झपाट्याने, मोठ्या लाटा सावकाश. तिप्पट बारीक लाट ९ पट वेगाने. लोखंडी कड्याला भोके पाडून त्यात तापमापक बसवून, कड्याचा एक भाग तापवून त्यांनी हे पडताळले. कड्यावरची तापमानाची उंच-सखल रेघ थोड्याच वेळात गुळगुळीत एकाच लाटेची होते.

जमिनीतही हेच घडते. दिवस-रात्रीची लाट हात-दीड हात खोलीवर जवळपास संपते. वर्षाची लाट मोठी, म्हणून ती काही मीटर आत जाते. साध्या मातीत सुमारे ७ मीटरवर तिला निम्म्या वर्षाचा उशीर होतो; म्हणजे वर उन्हाळा असतो तेव्हा तिथे हिवाळा पोहोचलेला असतो, अर्थात अगदी क्षीण होऊन. जमिनीखालच्या पेवात धान्य ठेवणाऱ्यांना हे समीकरण ठाऊक नव्हते, खोलवर गारवा-उष्मा फारसा बदलत नाही हे मात्र पक्के ठाऊक होते.

मग अडले कुठे?

२१ डिसेंबर १८०७ रोजी निबंध पॅरिसच्या संस्थेपुढे आला. परीक्षक होते लाग्रांज, लाप्लास, माँज आणि लाक्रवा. म्हणजे बहुतेक जुने गुरूच. कोपरे असलेली, तुटक आकृती गुळगुळीत लाटांच्या बेरजेतून कशी निघेल, ही लाग्रांज यांना पटेना. निबंध छापला गेला नाही. पुढे संस्थेने याच विषयावर स्पर्धा ठेवली. फूरिये यांनी सुधारित निबंध पाठवला आणि १८१२ मध्ये बक्षीसही त्यांनाच मिळाले, पण मांडणी पुरेशी काटेकोर नाही असा शेरा मारून. छपाई पुन्हा राहिली.

परीक्षकांना खलनायक ठरवण्याची घाई नको. लाटांच्या बेरजेत खरोखर पोकळ जागा होती. ती कोणत्या अटींवर चालते हे डिरिश्ले या तरुण जर्मन गणितज्ञाने १८२९ मध्ये सिद्ध केले. फूरिये यांचे उत्तर बरोबर होते, सिद्धता अपुरी होती. अखेर १८२२ मध्ये त्यांचा उष्णतेवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पहिल्या निबंधापासून १५ वर्षे उलटली होती. तोवर लाग्रांज हयात नव्हते.

अहिल्यानगरशी काय संबंध?

हे शहर रणगाड्यांचे. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल इथे आहे, डीआरडीओची वाहन संशोधन संस्था इथे आहे, रणगाड्यांचे संग्रहालयही आहे. रणगाड्याची नळी उन्हात उभी असते तेव्हा तिची वरची बाजू खालच्यापेक्षा जास्त तापते, जास्त लांबते आणि नळी किंचित खाली वाकते. ढोबळ हिशेब करून पाहा. ५ मीटर लांब आणि २० सेंटीमीटर जाड पोलादी नळीत वर-खाली फक्त १ अंशाचा फरक असला, तरी २ किलोमीटरवर गोळा अर्ध्या मीटरहून अधिक खाली लागू शकतो. म्हणून आधुनिक रणगाड्यांच्या नळीवर उष्णतारोधक वेष्टण असते. ते किती जाड हवे, सांधे कुठे हवेत, हे फूरिये यांच्या समीकरणानेच ठरते. फरक एवढाच की आज कापांचा जमाखर्च संगणक ठेवतो, आणि काप लाखो असतात.

अकोले तालुक्यातले भंडारदरा धरण दगडी बांधकामाचे आहे. काँक्रीटच्या अजस्र धरणांत वेगळाच प्रश्न येतो: सिमेंट घट्ट होताना उष्णता सोडते आणि ती आतच कोंडते. अमेरिकेतले हूवर धरण आपोआप थंड व्हायला शंभराहून अधिक वर्षे लागली असती, तोवर भेगा पडल्या असत्या. म्हणून काँक्रीटमध्ये नळ घालून थंड पाणी फिरवले गेले.

समीकरण बरोबर, उत्तर चूक

प्रारूप वापरणाऱ्यांनी लॉर्ड केल्विनची फजिती जरूर वाचावी. हा फूरियेभक्त. १८६२ मध्ये त्याने हेच समीकरण वापरून पृथ्वीला थंड व्हायला किती काळ लागला असेल ते काढले: २ कोटी ते ४० कोटी वर्षे. खरे वय सुमारे ४५४ कोटी. आकडेमोडीत चूक नव्हती. पृथ्वीचा अंतर्भाग घट्ट आहे आणि उष्णता फक्त वहनानेच बाहेर येते, हे गृहीतक चुकले. पोटातले खडक सावकाश का होईना हलतात आणि उष्णता सोबत आणतात. नळीचे असो वा भट्टीचे, संगणकावरचे रंगीत चित्र गृहीतकांइतकेच खरे असते.

शेवटची वर्षे

१८१५ मध्ये नेपोलियन एल्बा बेटावरून परतला, तेव्हा फूरिये राजाच्या आणि त्याच्या कात्रीत सापडले आणि शेवटी नोकरीच गेली. पॅरिसमध्ये आकडेवारीच्या कचेरीत काम करत ते सावरले, १८१७ मध्ये अकादमीचे सदस्य आणि १८२२ मध्ये सचिव झाले. १८२४ मध्ये त्यांनी पृथ्वीच्या तापमानावर निबंध लिहिला. सूर्यप्रकाश आत येऊ देणारे वातावरण जमिनीची उष्णता सहज बाहेर जाऊ देत नाही, हा विचार त्यात आहे. हवामान बदलाच्या चर्चेत त्यांचे नाव येते ते यामुळे.

इजिप्तहून परतल्यापासून त्यांना थंडी सोसत नसे. खोली तापवून, अंगावर लोकरीचे थर चढवून ते बसत, असे सांगतात. मे १८३० च्या सुरुवातीला ते जिन्यावरून पडले आणि १६ मे रोजी गेले. आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांत त्यांचेही नाव आहे. सचिव झाल्यावर त्यांनी बक्षीसपात्र निबंध एक अक्षरही न बदलता अकादमीच्या ग्रंथात छापून घेतला होता. १८०७ चा मूळ निबंध मात्र पूर्ण छापला गेला तो थेट १९७२ मध्ये.