‘तुघलकी कारभार’ हा शब्द आला कुठून? चांदीऐवजी पितळेचं नाणं काढणाऱ्या सुलतानाची गोष्ट

चितेगावहून पैठण रस्त्याने छत्रपती संभाजीनगर गाठायचं आणि पुढे वेरूळची वाट धरायची, की दौलताबादचा किल्ला दिसतो. दिल्लीची राजधानी इथे आणणारा सुलतान म्हणजे मुहम्मद बिन तुघलक. सरकारचा एखादा निर्णय फसला की आजही त्याचंच नाव घेतलं जातं. पण त्याचा नाण्यांचा निर्णय खरंच वेडेपणाचा होता का?

कोण होता तुघलक?
मूळ नाव जौना खान. १३२५ मध्ये वडील घियासुद्दीन लाकडी मंडप कोसळून मरण पावले आणि तो गादीवर आला. तर्कशास्त्र, खगोल, वैद्यक यांचा त्याचा अभ्यास होता. १३२७ च्या सुमारास त्याने देवगिरीला राजधानी केलं.

टंका म्हणजे काय?
दिल्ली सल्तनतीचं चांदीचं मुख्य नाणं. वजन सुमारे ११ ग्रॅम, म्हणजे जवळपास तोळाभर. ते तेराव्या शतकात इल्तुतमिशने रूढ केलं होतं. नाण्याची किंमत त्यातल्या चांदीत असे.

मग बदललं काय?
मोहिमा आणि बक्षिसांमुळे खजिन्यावर ताण होता. तुघलकाने १३२९-३० मध्ये तांब्या-पितळेची नाणी काढली आणि ती चांदीच्या टंक्याच्या किमतीला चालतील असा हुकूम दिला. ही नाणी दौलताबादच्या टांकसाळीतही पाडली गेली. चीनमध्ये त्याआधीच कागदी चलन चालत होतं.

योजना का फसली?
नक्कल सोपी होती. लोकांनी घरीच नाणी पाडली, त्यांतून सारा भरला आणि चांदी दडवून ठेवली. परदेशी व्यापारी ही नाणी घेईनात. दोन-तीन वर्षांतच सुलतानाने ती मागे घेतली. खरी-खोटी न पाहता बदल्यात सोनं-चांदी दिली. त्याने शब्द पाळला, पण खजिना रिकामा झाला. परत आलेल्या नाण्यांचे ढीग तुघलकाबादेत पडून राहिले.

पुढे काय झालं?
राजधानी दिल्लीला परतली. बंडं वाढली. १३४७ मध्ये दौलताबादेतच बहमनी राज्य उभं राहिलं आणि दख्खनमध्ये त्यांचे स्वतःचे चांदीचे टंके आले. तुघलक १३५१ मध्ये सिंधमध्ये ठट्ट्याजवळ, एका बंडखोराचा पाठलाग करताना वारला.

आज पाचशेच्या नोटेतल्या कागदाची किंमत कितीशी? तरीही ती चालते, कारण तिच्यामागे हमी आहे आणि नक्कल करणं अवघड आहे. तुघलकाने हमी दिली होती. नक्कल रोखण्याची सोय मात्र केली नव्हती.