गाडगेबाबांची वर्गणी



वसतिगृहातील मुलांच्या मदतीसाठी आपल्या चर्चच्या पटांगणात मेळावा भरवायचे ठरले आहे. आईवडील ऊसतोडीला गेले की आपल्या धाराशिव जिल्ह्यातील कितीतरी मुलांची शाळा सुटते. ती सुटू नये म्हणून ही धडपड. त्यासाठी परवा मिस्सानंतर आम्ही काहीजण बैठकीला बसलो. खाद्यपदार्थांची दुकाने, कूपन, लकी ड्रॉ, मुलांची नाच-गाणी हे सारे अर्ध्या तासात ठरले. पण पुढचा तासभर गेला तो प्रमुख पाहुणे कोण, फलकावर कोणाचे नाव वर आणि व्यासपीठावर कोणाची खुर्ची कुठे, यातच. घरी परतताना आमचे आम्हालाच ओशाळल्यासारखे झाले. तेव्हा आठवण झाली ती गाडगेबाबांची. लोकांकडून पैसा गोळा करून लोकांसाठीच खर्च करण्याचे काम महाराष्ट्रात त्यांच्याइतके चोख फार थोड्यांनी केले असेल.

गाडगेबाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील दारूच्या आहारी गेले, घर बुडाले आणि डेबू लहान असतानाच ते वारले. आई सखुबाई मुलाला घेऊन दापुरे या आपल्या माहेरी आली. तेथे डेबूने गुरे राखली, शेतात राब-राब राबले. मामाची जमीन सावकाराच्या घशात जाताना त्यांनी पाहिली. शाळेचे तोंड त्यांना पाहायला मिळाले नाही. दारू, कर्ज आणि अज्ञान ही गरिबाची तीन दुखणी त्यांना कोणी शिकवावी लागली नाहीत, ती त्यांनी घरातच भोगली होती.

लग्न झाले, मुले झाली. मुलीच्या बारशाला भावकीला दारू आणि मटणाचे जेवण घालण्याची रीत होती. डेबूजींनी ती मोडली आणि गोडाचे जेवण वाढले. भावकी रुसली, पण ते बधले नाहीत. पुढे 1 फेब्रुवारी 1905 रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात झाडू आणि जवळ एक मातीचे फुटके गाडगे. त्यातच खायचे, त्यातच पाणी प्यायचे. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

त्यांची कामाची पद्धत आपण नीट पाहण्यासारखी आहे. गावात शिरले की ते कोणाच्या ओसरीवर जाऊन बसत नसत. आधी झाडू हातात घेऊन रस्ता आणि गटारे साफ करायला लागत. ते पाहून गावकरीही हाताशी येत. दुपारी कोणाच्या तरी दारी भाकरतुकडा मागून खायचा आणि रात्री त्याच साफ केलेल्या जागेवर कीर्तन. कीर्तनात अवघड काही नसे. आपल्या वऱ्हाडी बोलीत ते समोरच्यांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याकडूनच काढून घेत. दारू पिऊ नका, कर्ज काढून लग्ने करू नका, देवाच्या नावाने मुके प्राणी मारू नका, शिवाशिव पाळू नका, मुलांना शाळेत घाला, एवढाच त्यांचा उपदेश. कोणी पाया पडायला आले तर ते पडू देत नसत.

अशा कीर्तनांतून लोकांना एखाद्या कामाची गरज पटली की वर्गणी जमे. श्रीमंत आपल्या परीने देत, गरीब आपल्या परीने. ज्याच्याकडे पैसा नाही तो अंगमेहनत देई. दोन दमड्या टाकणारी शुभवर्तमानातील विधवा आपल्याला ठाऊक आहेच. बाबांच्या कामात अशा देणाऱ्यांचाच भरणा मोठा होता. जमलेला पैसा बाबा स्वतःजवळ ठेवत नसत. विश्वासू माणसांच्या हाती तो सोपवला जाई आणि ज्या कामासाठी मागितला त्याच कामाला लागे.

या वर्गणीतून काय उभे राहिले? पूर्णा नदीवर ऋणमोचन येथे घाट झाला. तेथील जत्रेत बाबा आंधळ्या, पांगळ्या आणि कुष्ठरोगी माणसांना जेवू घालत, कपडे देत. आळंदी, नाशिक, पंढरपूर येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. आपल्या जिल्ह्यातूनही आषाढी-कार्तिकीला कितीतरी माणसे पायी पंढरपूरला जातात. त्या काळी वारीला आलेल्या अस्पृश्यांना तेथे कोणी थारा देत नसे. त्यांच्यासाठी बाबांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली. पुढे 1949 मध्ये ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, कारण गरीब मुलांच्या शिक्षणाइतके मोठे पुण्य त्यांच्या लेखी दुसरे नव्हते. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ त्यांनी धर्मशाळा केली. खेड्यातून रुग्णाबरोबर आलेल्या नातेवाइकांनी रात्र काढायची कुठे, हा प्रश्न आजही आपल्यापैकी अनेकांना पडतो. बाबांना तो तेव्हाच पडला होता.

एवढ्या इमारती उभ्या राहिल्या, पण त्यांतल्या एकाही खोलीवर बाबांनी आपला हक्क ठेवला नाही. विश्वस्तांच्या कागदपत्रांत त्यांनी स्पष्ट लिहून ठेवले की आपल्या कोणाही नातेवाइकाचा या संस्थांवर अधिकार नाही. पत्नी कुंताबाई झोपडीत राहिल्या. लोकांनी गरिबांसाठी दिलेले अन्न आपल्या घरच्यांच्या ताटात पडू नये, याबाबत बाबा कठोर होते. हा कठोरपणा घरच्यांना किती जड गेला असेल, याचाही आपण विचार करावा. 1923 मध्ये कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असताना एकुलता मुलगा गोविंद गेल्याची बातमी आली. बाबांनी कीर्तन थांबवले नाही. आपल्याला ते जमणार नाही आणि कोणी तशी अपेक्षाही करणार नाही. पण लोकांचे काम हे लोकांचे आणि घरचे ते घरचे, ही रेषा त्यांनी शेवटपर्यंत पुसू दिली नाही.

20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे प्रवासातच त्यांचे निधन झाले. डॉ. आंबेडकर जाऊन तेव्हा जेमतेम चौदा दिवस झाले होते. पुढे 2000-01 मध्ये महाराष्ट्र शासनाने ग्रामस्वच्छतेचे अभियान त्यांच्या नावाने सुरू केले. त्यामुळे झाडूवाले बाबा सर्वांना ठाऊक झाले. हिशेबाचे पक्के बाबा मात्र थोडे विसरल्यासारखे झाले.

मदत घेणाऱ्यांच्या रांगेत उभे राहणे काय असते, हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा सास्तूर परिसरात चांगली खातीपिती घरे एका रात्रीत उघड्यावर आली. कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांनी धान्य, कपडे, पैसे पाठवले. त्यांची नावे आज आपल्याला सांगता येणार नाहीत, पण त्यांचे देणे पोहोचले. म्हणून घेणाऱ्याची मान खाली जाणार नाही असे देणे कसे असते, हे आपल्याला वेगळे शिकवायला नको.

आम्ही पुन्हा बैठक घेतली. या वेळी ती लवकर आटोपली. फलकावर कोणाचेही नाव राहणार नाही. मदत मिळणाऱ्या मुलांना व्यासपीठावर बोलावून पाकिटे देण्याचा कार्यक्रम होणार नाही, पण जेवणाच्या पहिल्या पंगतीला तीच बसतील. जमा आणि खर्चाचा पैन् पैचा हिशेब पुढच्या रविवारी चर्चच्या सूचनाफलकावर लागेल आणि तो कोणीही तपासावा. कूपन विकणाऱ्यांनी आपल्या घरच्यांसाठीची कूपनेही पैसे मोजूनच घ्यायची आहेत.

आणि मेळाव्याच्या दिवशी सकाळी सहा वाजता पटांगण झाडायला यायचे आहे. झाडू ज्याने त्याने घरूनच आणावा. समितीची माणसे तेथे आधी हजर असतील.