सीटी स्कॅनच्या रिपोर्टमधला 'एचयू' कोण?

पेण-रोह्यात कुणाला डॉक्टरांनी सीटी स्कॅन सांगितला की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. हे मशीन बनवणारे गॉडफ्रे हाऊन्सफिल्ड १९१९ साली इंग्लंडमध्ये जन्मले, शेतावर वाढले. विद्यापीठाची पदवी नव्हती. नोकरी ईएमआयमध्ये, हो, बीटल्सच्या रेकॉर्ड काढणारी तीच कंपनी! सुरुवातीच्या प्रयोगात एका स्कॅनला ९ दिवस लागले. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूतली गाठ दिसली, कवटी न उघडता. १९७९ मध्ये कॉरमॅक यांच्यासोबत नोबेल, २००४ मध्ये निधन.

आज काही मिनिटांचं काम. दागिने काढायचे, न हलता पडून राहायचं, सांगतील तेव्हा श्वास रोखायचा. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन दिलं तर अंग क्षणभर गरम वाटतं. ॲलर्जी, किडनीचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर आधीच सांगा. रिपोर्टमधलं 'एचयू' म्हणजे हाऊन्सफिल्ड युनिट.