सावित्रीबाई फुले : आपल्यांवर व परक्यांवर एकच माया

परक्यांवर उपकार करणारीं कित्येक माणसें घरांत कठोर असतात. कित्येक घरच्यांवर जीव टाकतात, पण दाराशीं उभ्या असलेल्या परक्याकडे ढुंकूनही पाहत नाहींत. दोन्हीकडे एकच अंतःकरण ठेवणें फार थोड्यांस साधतें. सावित्रीबाई फुले यांस तें साधलें होतें. शिक्षिका म्हणून त्यांची कीर्ति सर्वत्र आहे. पुण्याच्या विद्यापीठास २०१४ सालीं त्यांचें नांव देण्यांत आलें. पण त्यांच्या नित्याच्या दयाळूपणाची ओळख वाचकांस व्हावी, म्हणून हें अल्प चरित्र दिलें आहे.

बाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजीं सातारा जिल्ह्यांतील नायगांव येथें खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरीं झाला. १८४० सालीं, वयाच्या नवव्या वर्षीं, पुण्याचे जोतीराव फुले यांच्याशीं त्यांचें लग्न झालें. तेव्हां त्यांस लिहितां वाचतां येत नव्हतें. जोतीरावांनीं त्यांस शिकविलें. पुढें अहमदनगर येथें अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार यांच्याकडे व नंतर पुण्यास मिसेस मिचेल यांच्या शाळेंत त्यांनीं अध्यापनाचें शिक्षण घेतलें. १८४८ सालीं पुण्यांतील भिडे यांच्या वाड्यांत मुलींची शाळा निघाली, व बाई तेथें शिकवूं लागल्या.

शाळेच्या वाटेवर लोक त्यांच्या अंगावर शेण व चिखल टाकीत. म्हणून त्या शाळेंत बदलण्यासाठीं एक जादा लुगडें बरोबर नेत, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. लुगडें बदलून त्या मुलींस धडे देत. बाहेरच्या अपमानापायीं त्यांनीं आपलें काम टाकलें नाहीं.

याहून अवघड प्रसंग माहेरीं आला. १८५६ सालीं त्या आजारी पडून नायगांवीं गेल्या होत्या. भावानें त्यांची शुश्रूषा मनापासून केली. पण महारमांगांसाठीं झटणाऱ्या तुम्हां नवराबायकोस जातीनें वाळींत टाकलें तें योग्यच झालें, असेंही त्यानें सुनावलें. परक्यानें टाकलेलें शेण धुवून जातें. सख्ख्या भावाचा बोल काळजांत रुततो. बाई गप्प बसल्या नाहींत, आणि त्यांनीं भावाशीं नातेंही तोडलें नाहीं. तूं गाईशेळ्यांस गोंजारतोस, नागपंचमीस नागाला दूध पाजतोस, मग माणसालाच दूर कां लोटतोस, असें त्यांनीं त्यास विचारलें. हें ऐकून आईच्या डोळ्यांस पाणी आलें. पतीस हा प्रसंग कळवितांना भावानें केलेल्या सेवेचा उल्लेख करण्यासही त्या विसरल्या नाहींत.

१८६३ सालीं या दांपत्यानें आपल्या घरीं बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलें. संकटांत सांपडलेल्या विधवांनीं तेथें गुप्तपणें यावें, बाळंत व्हावें, व मूल तेथें ठेवून जाण्यासही त्यांस मोकळीक असावी, अशी व्यवस्था होती. १८८४ पर्यंत अशा पसतीस स्त्रिया तेथें आल्या. बाईंस स्वतःचें मूल नव्हतें. तेथेंच जन्मलेला एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनीं दत्तक घेतला, त्याचें नांव यशवंत ठेविलें, व पुढें त्यास डॉक्टर केलें.

१८६८ सालीं फुल्यांनीं आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुला केला. त्याच वर्षीं नायगांवीं गणेश नांवाचा ब्राह्मण तरुण व शारजा नांवाची महार मुलगी यांस गांवकरी रस्त्यानें मारीत नेत होते. मुलगी गरोदर होती, आणि दोघांस ठार करण्याचा लोकांचा बेत होता. बाई धांवत गेल्या. खून केल्यास सरकार काय शिक्षा करील हें त्यांनीं जमावास बजावलें, आणि त्या दोघांची सुटका करून त्यांस पुण्यास जोतीरावांकडे पाठविलें. १८७६-७७ च्या दुष्काळांतही त्या भुकेल्यांसाठीं गांवोगांव हिंडल्या.

१८९० सालीं जोतीराव वारले. १८९७ सालीं पुण्यांत प्लेगनें कहर केला, तेव्हां बाईंचें वय सहासष्ट वर्षांचें होतें. डॉक्टर यशवंत यांनीं हडपसरजवळ ससाणे यांच्या मळ्यांत दवाखाना घातला, आणि बाई रोग्यांस तेथें आणूं लागल्या. मुंढवें येथील महारवाड्यांत एक मुलगा प्लेगनें आजारी असल्याचें त्यांस कळलें. त्यांनीं त्यास पाठीवर घेतलें व दवाखान्यांत पोंचविलें. त्यांतच त्यांस प्लेगनें गांठलें, व १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. एका विधवेचें पोर त्यांनीं पूर्वी पोटाशीं धरलें होतें; तेंच आतां डॉक्टर होऊन रोग्यांवर उपचार करीत होतें, आणि त्याच्याकडे त्या दुसऱ्या कोणाचें पोर पाठीवर घेऊन गेल्या.

बंधुभगिनींनो, शाळा काढणें किंवा दवाखाना घालणें सर्वांच्या हातीं नसतें. पण घागरभर पाणी देण्यास, वाळींत टाकलेल्याच्या बाजूनें एक शब्द बोलण्यास, व आपल्यास दुखविणाऱ्या भावाचेंही चांगलें तें आठवण्यास पैसा लागत नाहीं. आज आपल्या गांवांत ज्याला कोणी शिवत नाहीं असा आजारी कोण आहे, आणि आपल्याच घरांत कोणाशीं आपण बोलणें टाकलें आहे, याचा प्रत्येकानें विचार करावा, आणि उद्यांची वाट न पाहतां त्यांच्याकडे जावें.